पहिला मोजा कोणाच्या पायाचा?

मोजे विणायला शिकवणारी पुस्तके आणि चित्रफिती बहुतेक थंड मुलखांतून आलेल्या असतात आणि त्यांनी काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. मोजा मोठ्या माणसाचा, लोकरीचा आणि बुटात घालायचा. जिथे बर्फ पडते तिथे हे ठीकच आहे. नांदेडला किंवा लातूरला मात्र मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, खरी थंडी मार्गशीर्ष-पौषातले दीड-दोन महिने, पायात बहुतेक वेळ चप्पल, आणि दुकानात ‘लोकर’ म्हणून जो गुंडा हातात पडतो तो बहुधा ॲक्रिलिकचा. अशा ठिकाणी पुस्तकाबरहुकूम काम सुरू केले की पहिला मोजा टाचेपाशी अडतो, दुसरा सुरूच होत नाही आणि सुया दिवाणाच्या कप्प्यात जातात. मग ‘आपल्या हाताला हे काही जमत नाही’ असा निकाल लागतो. हाताला बोल लावण्याआधी निवड तपासायला हवी. या दोन जिल्ह्यांत नव्याने विणणाऱ्याने पहिला मोजा तान्ह्या बाळाचा घ्यावा, सुताचा घ्यावा आणि टाच असलेला घ्यावा, असे माझे मत आहे. या तिन्ही अटींवर आक्षेप आहेत, त्यातले एकदोन चांगलेच वजनदार आहेत. ते टाळून पुढे जाण्यात अर्थ नाही.

आधी मोजा ही वस्तू काय आहे ते पाहू. मराठीत ‘विणणे’ हे एकच क्रियापद फार कामे करते. मागावर लुगडे विणतात, नवाराची बाज विणतात, चटई विणतात आणि सुयांवर स्वेटरही विणतात. पण मागावरच्या कापडात उभे-आडवे धागे एकमेकांना अडवून धरतात, म्हणून ते कापड फारसे ताणत नाही. सुयांवरच्या विणीत एकच धागा असतो, आणि त्याचा प्रत्येक फासा मागच्या फाशातून बाहेर आलेला असतो. ओढले की फासे आडवे होतात, सोडले की पुन्हा उभे राहतात. पाऊल हा शरीराचा मोठा अडचणीचा भाग आहे. घोट्याशी बारीक, टाचेला जवळजवळ काटकोनात वळलेले, चवड्याला रुंद आणि बोटांशी पुन्हा निमुळते. कापडाला तिथे बसवायचे तर कळ्या आणि चुण्या घालाव्या लागतात, विणीला लागत नाहीत. ‘मोजा’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि तिथे त्याचा मूळ अर्थ बूट असा होतो. शब्द जोड्याचा असला तरी आपल्या पायात तो विणीचाच राहिला. इजिप्तमध्ये ऑक्सिऱ्हिंकस इथल्या उत्खननात तिसऱ्या ते पाचव्या शतकातले लाल लोकरीचे मोजे सापडले. ते एकाच सुईने, फाशात फासा ओवून केलेले आहेत आणि त्यांना अंगठ्यासाठी वेगळे घर आहे, कारण ते चपलेसारख्या वहाणांत घालायचे होते. थंडीत अंगठ्याचे मोजे घालून वर चप्पल चढवणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना त्यात काही नवल वाटू नये. पुढे आपण आज ज्याला सुयांवरचे विणकाम म्हणतो त्याचे सर्वांत जुने नमुनेही इजिप्तमधूनच मिळाले. साधारण हजार वर्षांपूर्वीच्या त्या मोज्यांत निळीने रंगवलेले आणि पांढरे असे दोन रंग आहेत, आणि त्यांचा धागा सुती आहे. मोजा म्हणजे लोकरच ही समजूत नंतरच्या थंड देशांनी रूढ केली.

आता आपल्याकडचा वारसा. या भागात विणकामाचे खरे स्थान बाळंतविड्यात आहे. कुंची, टोपडे, झबली, दुपटी, लंगोट या जुन्या मऊ धोतरा-लुगड्यांतून शिवलेल्या वस्तूंच्या शेजारी गेल्या शतकात लोकरीचे स्वेटर, टोपी आणि मोजे येऊन बसले, आणि आता तर त्यांच्यावाचून बाळंतविडा अपुरा वाटतो. दुसरे स्थान रुखवताचे. तिथे क्रोशाची तोरणे, रुमाल, लोकरीची फुले मांडली जातात. शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाला दोन सुयांवर पट्टी विणलेल्या मुली तर घरोघर सापडतील. १९६२च्या चीन युद्धात जवानांसाठी स्वेटर विणायला देशभर बायका बसल्या, तो विणकामाला राष्ट्रकार्याचा मान मिळाल्याचा काळ. म्हणजे नांदेड-लातूरची नवशिकी अगदी कोऱ्या हाताची क्वचितच असते. धागा बोटांवरून सारख्या ओढीने सोडायची सवय क्रोशाने तिला दिलेली असते. तिला नसते ती मापाची सवय, कारण तोरण कुणाच्या अंगावर बसवून पाहायचे नसते. ते बोटभर लांब झाले तर दाराला दोन खिळे जास्त. मोज्यात बोटभर म्हणजे पायच बाहेर. कुणी म्हणेल, क्रोशा येतोच तर मोजाही क्रोशानेच करावा. करता येतो, पण क्रोशाचे खांब जाड येतात, त्यांना ताण कमी, धागा जास्त लागतो आणि तळव्याला गाठीसारखे खुपतात. टोपीला क्रोशा उत्तम. मोज्यासाठी सुयाच घ्याव्यात.

धाग्याचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, म्हणून त्यावर जरा थांबतो. आपल्या मातीतली लोकर म्हणजे दख्खनी मेंढीची. ती धनगरांनी कातरायची, तिचे सूत कातायचे आणि सणगरांच्या मागावर घोंगडी व्हायची, ही साखळी जुनी आहे आणि माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला ऐन थंडीत जाणाऱ्यांना घोंगडीची किंमत सांगावी लागत नाही. पण ही लोकर जाड, राठ आणि केसाळ. पावसात खांद्यावर घ्यायला तिच्यासारखी दुसरी नाही, पण बाळाच्या पायाला तिचा स्पर्शही नको. मोज्याला लागते ती मऊ लोकर बाहेरून मागवावी लागते, महाग पडते आणि कोमट पाण्यात जपून धुवावी लागते. गरम पाणी आणि चोळणे या दोन्हींनी ती आटून जाते. उरते ते ॲक्रिलिक. लुधियानाकडून येणारे रंगीत गुंडे स्वस्त आहेत, मऊ आहेत, हातात छान पळतात. दुकानदार त्यांना ‘बेबी लोकर’ म्हणतो. नाव काहीही असो, चार बोटे धागा चिमट्यात धरून पेटवला की जात कळते. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरते, सूत कागदासारखे जळते, आणि ॲक्रिलिक वितळून त्याचा काळा कडक मणी होतो. हा मणी डोळ्यांनी पाहणे गरजेचे आहे, कारण आपल्याकडे बाळंतिणीला आणि बाळाला शेक-शेगडी देण्याची, ओव्या-शेपाची धुरी देण्याची रीत अजून कितीतरी घरांत चालू आहे. निखाऱ्याच्या इतक्या जवळ, वितळून कातडीला चिकटणारा धागा बाळाच्या पायात असू नये. ॲक्रिलिकला घाम टिपताही येत नाही, पण माझ्या लेखी शेगडीचे कारण एकटेच पुरेसे आहे.

आणि मग सूत. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने दिलेल्या एनएचएच-४४ या संकरित वाणाने महाराष्ट्राबाहेरच्याही शेतकऱ्यांची घरे भरली. निजामाच्या राज्यात सुरू झालेली उस्मानशाही मिल नांदेडातच होती. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचे काम नांदेडातून चालते आणि तिरंग्यासाठीची खादी उदगीरला विणली जाते, म्हणजे देशाच्या झेंड्याचे सूत या दोन जिल्ह्यांनी हाताळलेले आहे. असे असून लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत सुयांवर विणायचे सूत मागितले तर बहुधा क्रोशाचे रीळ पुढे येते, जे मोज्याला फार बारीक आणि पिळाने कडक पडते. खादीचे एकेरी सूतही जसेच्या तसे चालत नाही. एकाच दिशेला पीळ असलेल्या धाग्याची वीण तिरकी पळते, आणि घोट्यावरची सरळ रेघ पाऊल येईपर्यंत पोटरीला वळसा घालते. चार पदर उलट दिशेने एकत्र पिळलेले, मऊ, चमक नसलेले सूत हवे. ५० ग्रॅमच्या एका गुंड्यात बाळाचे दोन जोड सहज होतात.

सुतावरचा सर्वांत जोरकस आक्षेप विणकामातल्या जाणत्यांचाच आहे आणि तो खरा आहे. सुताला अंगची लवचीकता नाही. लोकर ताणून सोडली की परत येते, हाताची ओढ कमी-जास्त झाली तरी ती सांभाळून घेते. सूत काहीही झाकत नाही. प्रत्येक सैल टाका त्यात दिसतो, बोटे लवकर दुखतात, आणि सुती मोजा दिवसभरात ढिला होऊन घोट्यावर गोळा होतो. शिवाय टाचेला आणि चवड्याला तो लवकर विरतो, म्हणून परदेशी मोज्याच्या धाग्यात लोकरीबरोबर साधारण पाव हिस्सा नायलॉन असते. पण या दोषांची तान्ह्या बाळाच्या पायाशी गाठ घालून पाहा. बाळ चालत नाही, तेव्हा टाच झिजत नाही. ते बूट घालत नाही, तेव्हा मोजा आत गोळा होऊन खुपत नाही. दोन-तीन महिन्यांत मोजा लहान होतो, तेव्हा तो किती वर्षे टिकेल हा प्रश्नच उरत नाही. उलट सुताचे गुण इथे पुरे कामी येतात. दिवसातून तीनदा ओला झाला तरी साबणाने चोळून धुता येतो, गरम पाण्यात टाकता येतो, नांदेडच्या उन्हात तासाभरात वाळतो. एक अडचण मात्र उरतेच, ती विणणाऱ्या बोटांची. म्हणून सराव ॲक्रिलिकवर करावा. घरात उरलेल्या कुठल्याही गुंड्यावर सुलट, उलट आणि दोन टाके एकत्र या तीन गोष्टी आठवडाभर गिरवाव्यात, मग सूत हातात घ्यावे. सरावाचा तुकडा बाळाच्या पायात घालायचा नसतो, तेव्हा शेगडीचा प्रश्न तिथे येत नाही.

‘नांदेडला मोजे हवेत कशाला?’ हा आक्षेप हसत हसत घेतला जातो, पण त्याला उत्तर द्यायला हवे. वैशाखात जन्मलेल्या बाळाला घरात मोजे घालू नयेत, हे उघड आहे. आजीने कितीही आग्रह केला तरी उकाड्यात बाळाला गुंडाळून ठेवणे चुकीचेच. पण कार्तिक ते माघ या काळात रात्री पारा दहा-बारा अंशांवर येतो. गोदाकाठच्या नांदेडपेक्षा बालाघाटच्या पठारावरचे लातूर, उदगीर, अहमदपूर उंचावर आहेत आणि पहाटेचे वारे तिथे जास्त बोचते. नवजात बाळाचे हातपाय आधी गार पडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कांगारू पद्धतीच्या मार्गदर्शिकेत आईच्या उघड्या छातीवर ठेवलेल्या कमी वजनाच्या बाळाच्या अंगावर तीनच वस्तू सांगितल्या आहेत: लंगोट, टोपी आणि मोजे. थोडक्यात, चार महिन्यांची ही वस्तू आहे, बाराही महिन्यांची नाही. विणायला बसायचे तर बाळंतपणाची तारीख आणि पंचांग दोन्ही पाहून बसावे.

आता बांधणी. बाळंतविड्यातला रूढ मोजा दोन सुयांवर सपाट विणतात, घोट्याशी जाळीची एक ओळ घेऊन त्यातून गोंड्याची दोरी ओवतात आणि तळव्याखाली शिवून टाकतात. सोपा आहे, देखणा आहे, आणि केवळ भेट द्यायची असेल तर पुरेसाही आहे. पण त्याची शिवण तळव्याखाली येते, दोरी बाळाच्या बोटांत अडकते किंवा तोंडात जाते, आणि शिकणारीला त्यातून पुढचा रस्ता सापडत नाही. असे दहा जोड केले तरी मोठ्या माणसाचा मोजा तितकाच परका राहतो. दुसरा प्रकार टाच नसलेल्या नळीचा. एक-दोन टाके सरकवत तिरकी वीण घेतली की मळसूत्रासारखी नळी तयार होते, पाय कसाही घातला तरी बसते आणि पाय वाढला तर टाच आपोआप वर सरकते. माझ्या मताला खरा तुल्यबळ प्रतिस्पर्धी कोणी असेल तर हाच. वस्तू म्हणून तो टाचेच्या मोज्यापेक्षा बाळाला कदाचित जास्त दिवस पुरेल. पण नळी विणणारीला नळीच येते. मोज्याचे सगळे शहाणपण टाचेत आहे, आणि ते जितके लहान मापावर शिकावे तितके स्वस्त पडते. ढोबळ हिशेब करून पाहा. मोठ्या माणसाच्या एका मोज्याला नऊ हजारांच्या आसपास टाके लागतात, बाळाच्या मोज्याला सुमारे दोन हजार. मोठ्या मोज्यात टाचेपर्यंत पोचायला साडेतीन हजार टाके घालावे लागतात आणि तिथे चूक झाली की उसवायची हिंमत राहत नाही. बाळाच्या मोज्यात टाच पहिल्याच संध्याकाळी येते. चुकली तर उसवा, चहा घ्या, पुन्हा घाला.

चार सुयांची भीती हा यातला नेहमीचा अडसर. दोन्ही टोके अणकुचीदार असलेल्या चार-पाच सुयांचा संच पाहून हात मागे येतो. पण कोणत्याही क्षणी काम दोनच सुया करतात, बाकीच्या टाके धरून नुसत्या लोंबत असतात. पहिले तीन-चार फेर वेडेवाकडे होतात, मग वीण स्वतःच सुयांना आधार देऊ लागते. १२ नंबरच्या म्हणजे पावणेतीन मिलिमीटरच्या सुया घ्याव्यात. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, हे परदेशी नमुना वाचताना ध्यानात ठेवावे. दहा सेंटिमीटरला ३० टाके बसतील असा नमुन्याचा तुकडा आधी विणून, धुऊन, वाळवून मोजावा. धुण्याआधी मोजलेले सुती माप भरवशाचे नसते. तेवढे टाके बसले तर ३२ टाक्यांचा घेर साडेदहा सेंटिमीटरच्या आसपास येतो आणि तान्ह्या पावलाला तो बरोबर होतो. टाके एका जाड सुईवर सैल घालावेत, म्हणजे वरची कड पायाला करकचून बसणार नाही. मग घोट्यापर्यंतचे २० फेर एक सुलट एक उलट असे विणावेत. सुताला जी लवचीकता नाही ती ही वीण थोडीफार उसनी देते.

आता टाच. ३२ टाक्यांपैकी १६ पावलाच्या वरच्या बाजूचे, त्यांना सध्या विसरायचे. उरलेले १६ टाचेचे. त्यांच्यावर दोनच सुयांनी, एक ओळ सुलट एक ओळ उलट, अशा १६ ओळी विणायच्या आणि प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचलायचा. त्यामुळे दोन्ही कडांना ८-८ मोठे फासे तयार होतात, ते पुढे लागतात. या टप्प्यावर मोज्याला एक चौकोनी जीभ लोंबत असते आणि हे काही पावलासारखे दिसत नाही. इथून वळण. सुलट बाजूने १० टाके विणा, पुढचे दोन एकत्र, आणखी एक सुलट, आणि सुईवर ३ टाके शिल्लक असतानाच काम फिरवा. ओळ अर्धवट सोडून फिरायचे, हे शाळेतल्या पट्टीने शिकवलेल्या हाताला पटत नाही, पण सगळी गंमत तिथेच आहे. उलट बाजूने पहिला उचला, ५ उलट, दोन एकत्र, एक उलट. इकडेही ३ शिल्लक, पुन्हा फिरवा. मघाशी जिथे फिरलात तिथे आता टाक्यांमध्ये एक फट दिसते. यापुढे प्रत्येक ओळीत त्या फटीच्या अलीकडचा आणि पलीकडचा टाका एकत्र विणायचा, पुढचा एक विणायचा आणि फिरायचे. सुलट बाजूने पहिला उचलून ६, मग फट बुजवा. उलट बाजूने पहिला उचलून ७, मग फट बुजवा. आता दोन्ही टोकांना एकेकच टाका उरतो, तो पुढच्या दोन ओळींत तसाच सामावून घ्या. १६ चे १० टाके झाले आणि सपाट जिभेला वाटीसारखा खळगा पडला. बोट आत घालून पाहिले की टाच जिवंत झालेली कळते. यानंतर ते १० टाके विणून एका कडेच्या ८ फाशांतून ८ टाके उचलायचे, वरचे १६ विणायचे, दुसऱ्या कडेचे ८ उचलायचे. एकूण ४२. फेराआड दोन, असे पाच वेळा कमी केले की पुन्हा ३२. हाच हिशेब मोठ्या माणसाच्या ५६ टाक्यांना लागू होतो. तिथे टाचेचे २८ असतात, वळणानंतर १६ उरतात, बाकी रीत तीच. एवढ्यासाठीच टाच असलेला मोजा घ्या म्हणतो.

चवडा झाल्यावर फेराआड चार टाके कमी करत १६ वर यायचे आणि आठ-आठ टाके समोरासमोर धरून बोथट सुईने, रफू करावे तसे, जोडून टाकायचे. या जोडणीला इंग्रजांनी लॉर्ड किचनरचे नाव दिले आहे. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या बोटांना शिवण टोचू नये म्हणून त्याने ती सुचवली अशी आख्यायिका आहे. हाच किचनर १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचा सरसेनापती होता. आपल्याकडच्या रफूगारांना हा हात त्याच्याकडून शिकावा लागला नसता. टोके मात्र नीट जिरवा. मोजा उलटा करून प्रत्येक टोक चार-पाच टाक्यांतून मागे-पुढे ओवायचे आणि आतली बाजू बोटाने चाचपायची. सुटा धागा किंवा आईचा केस बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला गेला तर रक्त अडते, बोट सुजते, आणि बाळ का रडते ते कोणाला कळत नाही. हा प्रकार बालरोगतज्ज्ञांच्या चांगल्या परिचयाचा आहे. म्हणून आत लोंबते धागे नकोत, जाळीची वीण नको, गोंडे नकोत, आणि घालण्याआधी प्रत्येक वेळी मोजा उलटून पाहावा.

शेवटचा आक्षेप पैशाचा. बाळाच्या मोज्याचा जोड बाजारात चहा-भज्यांच्या खर्चात मिळतो, मग चार संध्याकाळी कशाला घालवायच्या? याला पैशात उत्तर नाही आणि ते शोधूही नये. बचत गटांना ‘हाताने विणलेले मोजे विका’ असा सल्ला अधूनमधून दिला जातो, तो मला बेजबाबदार वाटतो. नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टन गावच्या विल्यम ली नावाच्या पाद्र्याने मोजे विणण्याचे यंत्र १५८९ मध्येच काढले. हाताचा मोजा किमतीची लढाई तिथून हळूहळू हरत गेला, आणि आजचे यंत्र तर मिनिटांत मोजा टाकते. टाक्यामागे पैसा मोजला तर विणणारीची मजुरी शेतमजुरीच्या पासंगालाही पुरत नाही. विणायचे ते घरच्या पायासाठी, आपण निवडलेल्या धाग्यात, आपल्या मापात. बाजारच्या मोज्यात बहुधा नायलॉन-ॲक्रिलिक असते आणि वरचे इलॅस्टिक बाळाच्या पायावर वळ उमटवते. या दोन गोष्टी टाळता येतात, एवढाच आणि एवढा हिशेब.

पहिल्या दोन जोडांनंतर कुठे जावे, यावरही माझे मत ठरलेले आहे. बुटातला मोजा शेवटी. त्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी रात्री झोपताना घालायचा सैल सुती मोजा विणावा. टाचांच्या भेगांना कोकम तेल किंवा मलम लावून वर तो चढवला की अंथरूण खराब होत नाही, आणि तो घालून कोणी चालत नसल्याने सुताची झीज इथेही आड येत नाही. मधुमेहाने ज्यांच्या पावलांची जाणीव कमी झाली आहे त्यांच्यासाठी मात्र घट्ट कड, गाठ आणि शिवण यांतले काहीही चालत नाही. तिथे डॉक्टरांना विचारूनच मोजा निवडावा. मग चपलेतला अंगठ्याचा मोजा, आणि हात बसल्यावर नायलॉन मिसळलेल्या धाग्याचा बुटातला.

राहता राहिला प्रश्न सुताचा. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात विणायचे सूत दुकानात नसते, कारण ते कोणी मागत नाही. या दिवाळीच्या आधी गंजगोलाईत किंवा वजिराबादेत जाल तेव्हा ‘बेबी लोकर’ मागू नका, चार पदरी मऊ सूत मागा, पांढरे किंवा फिके. नसेल तर मागवून ठेवायला सांगा आणि आठ दिवसांनी खरोखर परत जा.